आमचं तर विचारूच नको!

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

थकवा आणि ताण यांविषयी बायका एकमेकींशी कसं बोलतात, किंवा बोलता बोलता कुठे अडतात, याबद्दल इंदूरच्या वाचक मैत्रिणींची बरीच पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. उत्तरं एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक समुपदेशक यांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखिकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात पंधराएक जणी आहोत, वयं चाळीस ते सत्तर. परवा चहाच्या वेळी एक जण म्हणाली, "हल्ली फार गळून गेल्यासारखं होतं, काही करावंसं वाटत नाही." लगेच एकीने "अगं, आमचं तर विचारूच नको" म्हणून स्वतःचे गुडघे सांगितले, दुसरीने अश्वगंधा सुचवली, तिसरी म्हणाली, "तुला काय कमी आहे? मुलगा-सून हाताशी आहेत." ती हसली, कप विसळून ठेवला आणि गेली. तेव्हापासून मंडळात आलेली नाही. आमचं काय चुकलं? (लोकमान्यनगर)

उत्तर : तिघींच्याही मनात माया होती, याबद्दल आम्हाला शंका नाही. "आमचं तर विचारूच नको" म्हणणारीला सांगायचं असतं की बाई, तू एकटी नाहीस. पण जिने मोठ्या धीराने तोंड उघडलेलं असतं तिला ऐकू येतं ते असं, की इथे आधीच रांग लागली आहे आणि आपला नंबर शेवटचा. "तुला काय कमी आहे" हे त्याहून जड जातं. त्यानंतर तिला आधी आपला थकवा खरा आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि तेवढी ताकदच तर तिच्यात उरलेली नसते. अश्वगंधेचं म्हणाल तर ज्यांची थायरॉइडची गोळी चालू आहे त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, थायरॉइडची पातळी त्याने बदलू शकते. मंडळात वाटले जाणारे बरेच उपाय असेच, कुणाला काय चालू आहे हे न विचारता वाटले जातात.

आता तिच्याकडे सगळ्या मिळून जाऊ नका. तिच्याशी जिचं जास्त जमतं तिने एकटीने जावं. वेळ दुपारची, जेवणाची आवराआवर झाल्यावर आणि चारच्या चहाच्या आधीची, घरात इतर माणसं कमी असतात तेव्हाची. समोरासमोर बसून "बोल" म्हटलं की माणूस आवळतं. मेथी निवडताना, वाती वळताना किंवा संध्याकाळी फेरी मारताना बोलणं सोपं जातं, कारण नजर दुसरीकडे असते आणि हात कामात असतात. सुरुवात स्पष्ट करा : "परवा तू काहीतरी सांगत होतीस आणि आम्ही मध्येच बोललो. मला ते पुढचं ऐकायचंय." एवढं म्हणून गप्प बसा. ती गप्प राहिली तरी ती जागा भरायची घाई करू नका. दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते, पण बहुतेक वेळा तिच्यानंतरच खरी गोष्ट येते.

प्रश्न विचारायचेच असतील तर "का" टाळा. "का थकतेस?" म्हणजे कारण दे, खुलासा कर. "कधीपासून?", "सकाळी उठतानाच, की दुपारनंतर?", "दिवसातलं कोणतं काम सगळ्यात नको वाटतं?" हे प्रश्न उत्तर देण्याजोगे आहेत. शेवटच्या प्रश्नाला बायका फार वेगळी उत्तरं देतात. पोळ्या लाटण्याचा कंटाळा नसतो, रोज तीन वेळा काय करायचं ते ठरवण्याचा असतो. सासऱ्यांना आंघोळ घालण्याचा त्रास नसतो, ती मेहनत कुणाला दिसतच नाही याचा असतो. तिचं सांगून झालं की विचारा, "तुला आत्ता नुसतं सांगायचंय, की मिळून काही मार्ग काढूया?" तिने मार्ग मागितला तरच तुमचा उपाय काढा. आणि निघताना हेही विचारून घ्या की मंडळात यातलं काय सांगायचं. विश्वास एकदा तिथे गळला की परत भरत नाही.

मंडळासाठी एक छोटीशी सूचना. "कशी आहेस?" या प्रश्नाचं उत्तर "मजेत" हेच असतं, ते विचारतानाच ठरलेलं असतं. त्याऐवजी "काल रात्री झोप लागली का?" असं विचारून पाहा. त्याला "मजेत" म्हणता येत नाही.

प्रश्न : वय ३४, खासगी बँकेत नोकरी. मोठी बहीण उज्जैनला असते. आम्ही रोज रात्री दहानंतर तासभर फोनवर बोलतो. तिचा बॉस, माझं सासर, हेच विषय. बोलताना मोकळं वाटतं, पण फोन ठेवल्यावर झोप उडते. फोन बंद करावा का? (विजयनगर)

उत्तर : फोन मुळीच बंद करू नका. रोज मनातलं ऐकणारं माणूस असणं ही मोठी ठेव आहे. फक्त बोलण्याची घडी बदला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अमँडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास मांडला. एकच अडचण पुन्हा पुन्हा उगाळत बसणाऱ्या मैत्रिणींची मैत्री जास्त घट्ट होती, पण उदासी आणि चिंताही त्यांच्यात जास्त दिसली. तुमचं नेमकं हेच होतंय. जवळीक खरी आहे, म्हणून बोलताना बरं वाटतं. पण प्रसंग प्रत्येक वेळी नव्याने जगला जातो, "मग तो असं म्हणाला, मग मी असं म्हटलं" करत अंग पुन्हा त्याच रागात जातं, आणि तेही झोपायच्या तोंडावर. एकच प्रसंग तिसऱ्यांदा सांगितला जातोय असं लक्षात आलं की थांबायची खूण समजा.

झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ पासून एक काम उभं केलं. दवाखान्याच्या आवारात बाक टाकले आणि वस्तीतल्या आजीबाईंना थोडं प्रशिक्षण देऊन तिथे बसवलं. चिंतेने किंवा उदासीने ग्रासलेली माणसं त्यांच्याशी येऊन बोलतात, आणि एक अडचण निवडून तिच्यावर मिळून मार्ग काढतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बोलण्याने लोकांची लक्षणं खरोखर कमी झालेली दिसली. त्या आजीबाई करतात ते तुम्ही दोघी फोनवर करू शकता.

वेळ रात्री दहाऐवजी आठची घ्या, झोप आणि फोन यांत दीड-दोन तास राहू द्या. पहिली दहा मिनिटं एकीची, दुसरीने मध्ये बोलायचं नाही. पुढची दहा दुसरीची. मग सगळ्या अडचणींतली एकच निवडायची, आणि ती हाताला लागेल अशी करून मांडायची. "बॉस वाईट आहे" याचं काही करता येत नाही. "रात्री साडेनऊला त्याचे निरोप येतात आणि मी लगेच उत्तर देते" याचं करता येतं. त्यावर चार-पाच पर्याय काढा, वेडेवाकडे वाटले तरी म्हणून टाका : निरोपांचा आवाज नऊनंतर बंद, सकाळी साडेआठला एकदम उत्तर, तातडीचं असेल तर फोनच करा असं त्याला आधी सांगून ठेवणं. त्यातला एक जिची अडचण तिने स्वतः निवडायचा, कधीपासून ते ठरवायचं आणि पुढच्या फोनची सुरुवात "केलंस का? काय झालं?" इथून करायची. बॉस, सासर आणि इतर गप्पा त्यानंतर.

हे बिघडतं ते तीन ठिकाणी. पाऊल फार मोठं निवडलं जातं ("नोकरीच सोडते"). किंवा मोठी बहीण म्हणून ताईच ठरवते आणि धाकटी हो म्हणते. आणि तिसरं, सगळ्यात नेहमीचं, पुढच्या वेळी विचारायचंच राहून जातं.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ होती, की नवरा "सांगितलं की करतो". २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. मुळात घरकाम करणाऱ्या बायका होत्या ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. सांगून करून घेतलेलं काम हाताचं कमी होतं, डोक्याचं नाही, कारण लक्षात ठेवणं तुमच्याकडेच राहतं. म्हणून एखादं काम मुळासकट द्या. दूध दिलं तर किती घ्यायचं, हिशेब, तापवणं, नासलं तर पुढे काय, सगळं त्याचं. पहिले दोन आठवडे दूध उतू जाईल. जाऊ द्या, आणि मध्ये पडू नका. एकदा गॅस बंद करायला तुम्ही धावलात की काम परत तुमचं.

प्रश्न : वय ४७. वर्षभर सतत थकवा आहे. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १२.२, "सगळं नॉर्मल". आता मैत्रिणी म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग मनाचे खेळ आहेत. मी कुणाशी बोलायचंच सोडून दिलंय. (राजेंद्रनगर)

उत्तर : रिपोर्ट नॉर्मल असणं आणि थकवा खोटा असणं यांचा काही संबंध नाही. मैत्रिणींना हे जरूर वाचून दाखवा.

आधी शरीराचं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की बाईला रक्तक्षय आहे असं धरतात (गरोदर असेल तर ११). देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका त्या रेषेखाली आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. तुम्ही रेषेच्या जेमतेम वर आहात, आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो कळतो फेरिटिनच्या तपासणीत. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपला आहे, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार सुरू करतात. याच खेपेला टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि तीन महिन्यांची साखर पाहून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा रोजची अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होतं, शाकाहारी बायकांत तर जास्तच. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, नाहीतर थायरॉइडचा आकडा चुकीचा येऊ शकतो.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या गोष्टी : पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का, रात्री घाम येऊन जाग येते का, तुम्ही घोरता का. या वयात पाळी जाण्याचा काळ सुरू झालेला असतो आणि झोप मोडणं हे त्याचं मोठं लक्षण आहे. "थकवा येतो" एवढंच सांगितलं तर टॉनिक मिळतं.

लोहाची गोळी सुरू झालीच तर ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घ्या. सकाळच्या पोह्यांवर लिंबू पिळतो ते चांगलंच, पण लगोलग चहा घेतला की त्यातल्या टॅनिनमुळे पोह्यांतलं लोह नीट शोषलं जात नाही. मध्ये तासभर जाऊ द्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, आणि लोह-कॅल्शियमपासून चार तास दूर.

आता मैत्रिणींच्या म्हणण्याबद्दल. गोव्यात १८ ते ५० वयाच्या सुमारे तीन हजार बायकांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर आठ-नऊ जणींत एकीला सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा होता. त्याचा संबंध हिमोग्लोबिनशी आढळला नाही. आढळला तो पैशांची ओढाताण, मनावरचा ताण आणि घरातलं दुय्यम स्थान यांच्याशी. यातून रक्त तपासूच नये असं निघत नाही, कमी असेल तर उपचार हवेतच. पण आपल्याकडे "मला उदास वाटतं" म्हणायला बाईला जागा नसते, "अंग मोडून येतं" म्हणायला असते. तो थकवा अंगातच असतो, खरा असतो. म्हणून मैत्रिणींनी "मनाचे खेळ" म्हणून विषय मिटवण्यापेक्षा विचारायला हवं की वर्षभरापूर्वी घरात काय बदललं.

तुम्ही बोलणं सोडू नका. पंधराजणींना सांगायची गरज नाही, एक निवडा. जी ऐकताना मोबाइल पालथा ठेवते ती.

प्रश्न : मी सासू आहे. सुनेचं बाळंतपण होऊन पाच आठवडे झाले. ती सारखी रडते, गप्प बसते. मी काही बोलायला गेले की तिला टोमणा वाटतो. "आमच्या वेळी कोण होतं बघायला" हे एकदा तोंडून गेलं, तेव्हापासून जास्तच. (रामबाग)

उत्तर : तुम्ही विचारलंत हेच तुमच्या सुनेचं भाग्य. बाळंतपणानंतर तिसऱ्या-पाचव्या दिवसापासून रडू येणं अगदी नेहमीचं, पण ते दोन आठवड्यांत ओसरायला हवं. पाच आठवड्यांनी चालू असेल तर ही बाळंतपणानंतरची नैराश्याची अवस्था असू शकते आणि ती उपचाराने बरी होते. या आठवड्यातच तिला प्रसूती केलेल्या डॉक्टरांकडे न्या. दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, ती भरून घेता येते. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला सांगा, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतं.

"आमच्या वेळी" हे जे गेलं ते मागे घेता येईल. "मी त्या दिवशी बोलले ते तुला लागलं असणार. माझ्या वेळी माझ्याकडे कुणी बघितलं नाही, म्हणून तुझ्याकडे बघायचंय." पुढे सल्ला नको, रात्र द्या. दहा वाजता तिने दूध पाजलं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं तुमच्याकडे किंवा मुलाकडे, आणि बाळ पुन्हा भुकेने रडेपर्यंत तिला उठवायचं नाही. सलग चार तास झोप मिळाली तरी फरक दिसतो. बाळ बघायला येणाऱ्यांना "दूध पुरतंय ना?" हे तिला विचारू देऊ नका. दिवसातून पाच जणांनी विचारलं की आपण कमी पडतोय अशी तिची खात्रीच होते.

बाळ झोपलेलं असतानाही तिला अजिबात झोप येत नसेल, ती असंबद्ध बोलत असेल, कुणी बाळाला काही करील असा संशय घेत असेल किंवा आवाज ऐकू येतात म्हणत असेल तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्या आणि तिला बाळासह एकटी सोडू नका.

प्रश्न : मैत्रीण बोलता बोलता म्हणाली, "आता सगळं नको झालंय, संपून जावं." नंतर विषय बदलला. विचारावं का? विचारल्याने डोक्यात नसलेलं भरेल अशी भीती वाटते. (सुदामानगर)

उत्तर : विचारा, आणि आजच. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते येत नाही, असलेलं बाहेर यायला वाट मिळते. शब्द सरळ वापरा : "जीव द्यायचे विचार येतात का?" हो म्हणाली तर पुढचं : "कसं करायचं ते ठरवलंयस का? जवळ काही ठेवलंयस का?" ठरवलेलं असेल तर तिला एकटी सोडू नका. घरातली औषधं, उंदीर-ढेकणाची औषधं, फिनाइल कुलपात घाला. "मुलांचा तरी विचार कर" म्हणू नका, तिला आधीच आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटत असतं. "कुणाला सांगू नकोस" असं ती म्हणेल. या एका बाबतीत शब्द देऊ नका, आणि तिला तसं सांगा.

टेली-मानस, १४४१६, हा फोन चोवीस तास विनामूल्य आहे, तुम्ही स्वतःही तिच्यासाठी करू शकता. इंदुरात एम. वाय. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय. तिने काही घेतलं असेल तर १०८. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि त्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. घरात मारहाण असेल तर महिलांसाठी १८१.

प्रश्न : आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई हल्ली फार थकलेल्या दिसतात. विचारलं तर "कुछ नहीं दीदी." त्यांच्याशी कसं बोलावं? (तिलकनगर)

उत्तर : पगार देणाऱ्या घरी थकले म्हणणं म्हणजे काम जाण्याची भीती. तेव्हा "क्या हुआ?" विचारण्याआधी ती भीती काढा. महिन्याच्या चार सुट्ट्या ठरवून सांगा, आजारपणाचे पैसे कापणार नाही हेही सांगा, आणि एकदा खरोखर न कापून दाखवा. आल्या आल्या ओट्याशी उभं राहण्याआधी दहा मिनिटं बसून चहा. त्या किती घरी जातात, पहाटे किती वाजता उठतात, दुपारी जेवतात का, हे विचारा. हे साधे प्रश्न आहेत, यांची उत्तरं त्या देतील. जेवतच नसतील तर तुमच्याकडे त्यांनी केलेल्या पोळ्यांतल्या दोन त्यांच्या, हे पहिल्या दिवशीच बोलून टाका, म्हणजे रोज विचारावं लागणार नाही. पुढचं त्या आपणहून सांगतील तेव्हा सांगतील.